पाऊल-घोट्याचा शल्यविशारद आणि त्याचे संशोधन

महाराष्ट्रात अस्थिव्यंगोपचार या विषयात एम.एस. करणाऱ्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक प्रबंध लिहावा लागतो. अभिमत विद्यापीठांचे आणि डी.एन.बी.चे विद्यार्थी वगळले, तर राज्यातील असे प्रबंध नाशिकला, म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येतात. १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून राज्यातील बहुसंख्य अस्थिशल्यविशारदांच्या संशोधनाची पहिली नोंद नाशिकात होते, असे म्हणावयास हरकत नाही. अनेकांच्या बाबतीत ती शेवटचीही ठरते. प्रबंध मान्य होतो, पदवी हाती पडते आणि पुढचे आयुष्य मोडलेली हाडे जोडण्यात व झिजलेले सांधे बदलण्यात जाते.

त्यांतील मोजकेच जण पाऊल आणि घोटा या शाखेकडे वळतात. एम.एस. झाल्यावर काही महिने किंवा वर्षभर एखाद्या अनुभवी शल्यविशारदाच्या हाताखाली, देशात अथवा परदेशात, फेलोशिप करावयाची, हा या शाखेचा रूढ मार्ग आहे. खुबा व गुडघा यांच्या शस्त्रक्रियांना जी प्रतिष्ठा आणि जो पैसा लाभला, तो पावलाच्या वाट्याला उशिरा आला. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पायांना मोठा मान आहे. स्वतःच्या तळपायाकडे मात्र काटा रुतल्याखेरीज कोणी पाहत नाही.

वास्तविक शरीरातील २०६ हाडांपैकी ५२, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, दोन पावलांत असतात. नडगीचे हाड, त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड आणि त्या दोहोंच्या बेचक्यात बसलेले टॅलस हे हाड मिळून घोट्याचा सांधा बनतो. टॅलस हे मोठे विलक्षण हाड आहे. त्याला एकही स्नायू जोडलेला नसतो आणि त्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्याने रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास जागा थोडीच उरते. ते मोडल्यास रक्तपुरवठा तुटून हाड मृत होण्याचा धोका किती, याचे हॉकिन्स या अमेरिकी शल्यविशारदाने १९७० साली केलेले वर्गीकरण आजही शिकविले जाते. घोट्यात टॅलस अवघा एक मिलिमीटर बाहेर सरकला, तरी सांध्यातील हाडांचा परस्परांशी येणारा संपर्क सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, हे रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली दाखवून दिले. घोट्याचे हाड 'जवळपास' जुळून चालत नाही, ते तंतोतंत जुळावे लागते, हा आग्रह अशा प्रयोगांतून दृढ झाला.

परंतु या शाखेतील सर्वांत दूरगामी संशोधन शस्त्रक्रियागृहात झालेले नाही. रुग्ण चालतो कसा, हे पाहत बसणाऱ्या माणसांनी ते केले आणि त्याचे फलित बहुतेक वेळा शस्त्रक्रिया टळण्यात दिसले.

बधिर पाऊल

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांवर, मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, त्यांचे मांसच 'खराब' असते आणि त्यावरील जखमा भरून येत नाहीत, अशी समजूत त्या काळी केवळ सामान्य लोकांतच नव्हे, तर डॉक्टरांतही होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमांचा एकेक करून माग काढला. कोणी तापलेले भांडे उचललेले असे, कोणाच्या चपलेतून खिळा वर आलेला असे, तर कोणी मुरगळलेल्या पायावर दिवसभर चाललेला असे. या सर्वांत समान गोष्ट एकच होती : वेदना जाणवत नव्हती. मांस निरोगी माणसासारखेच भरून येत होते, फक्त त्याला विसावा मिळत नव्हता.

तळव्याच्या जखमेवर त्यांनी वापरलेला उपाय अगदी साधा होता. पाऊल प्लास्टरमध्ये घालावयाचे आणि रुग्णाला चालू द्यावयाचे. पायाच्या आकाराला घट्ट बसणाऱ्या प्लास्टरमुळे शरीराचा भार जखमेच्या एका बिंदूवर न पडता साऱ्या तळव्यावर व पोटरीवर वाटला जातो आणि जखम भरते. श्रीलंकेत मिलरॉय पॉल व भारतात जोसेफ खान यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत वापरली होती. ब्रँड यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली आणि ती पाश्चात्त्य देशांत नेली. भरलेली जखम पुन्हा उघडू नये म्हणून वेल्लोर-करीगिरी परिसरात मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला तयार होऊ लागल्या. 'एमसीआर चप्पल' हे नाव महाराष्ट्रातील कुष्ठसेवकांनाही पाठ आहे.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी उंदरांच्या पंजांवर प्रयोग केले. एरवी निरुपद्रवी वाटावा इतकाच दाब, पण दिवसाला हजारो वेळा आणि रोज, दिला असता पंजा प्रथम सुजतो, गरम होतो आणि काही दिवसांत त्यावर व्रण पडतो. निरोगी माणूस अशा वेळी नकळत लंगडतो, पावलाची कड बदलतो, खाली बसतो. बधिर पाऊल तसे करीत नाही. त्याच कारव्हिलमध्ये जेम्स बर्क व डेव्हिड सिम्स यांनी १९८६ साली एक मोजमाप निश्चित केले. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकविल्यावर ज्याला तो कळतो, त्याच्या पावलाला स्वतःचे रक्षण करण्याइतकी संवेदना आहे, आणि ज्याला कळत नाही त्याला व्रणाचा धोका आहे. आज जगभर मधुमेही रुग्णांचे पाय ज्या धाग्याने तपासले जातात, त्याचे हे मूळ कुष्ठरोगात आहे.

कोंढवा ते मांडवा

आपल्या राज्यात कुष्ठसेवेची परंपरा जुनी आहे. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० चे, तर वर्ध्याचे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ चे. शल्यविशारदाच्या संशोधनाचा विचार करता मात्र येथे नाव घ्यावे लागते ते डॉ. नोशिर अंतिया (१९२२-२००७) यांचे. ते पाऊल-घोट्याचे तज्ज्ञ नव्हते. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिज यांच्या हाताखाली ते प्लास्टिक सर्जरी शिकले. १९५० च्या दशकात मायदेशी परतल्यावर पुण्याजवळच्या कोंढव्यात त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर व चेहऱ्यावर शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला.

अंतिया यांची कारकीर्द ज्या दिशेने सरकली, ती या विषयाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. वाकलेली बोटे सरळ करता करता त्यांना प्रश्न पडला, की मुळात मज्जातंतू मरतो का? त्याचा शोध घेण्यासाठी १९७५ साली 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही संस्था निघाली. पुढचा प्रश्न होता, मज्जातंतू मरण्यापूर्वीच रोग ओळखला का जात नाही? त्याच्या उत्तरासाठी ते रायगड जिल्ह्यातील मांडव्याला गेले आणि गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याची प्राथमिक कामे शिकवू लागले. स्थानिक राजकारणाच्या विरोधामुळे तो प्रकल्प पुढे बंद पडला, तरी सामुदायिक आरोग्याच्या चर्चेत मांडव्याचे नाव राहिले. नामांकित शल्यविशारदाने शस्त्रक्रियेचे टेबल सोडून खेड्यात जावे, हे त्या काळच्या अनेक सहव्यावसायिकांना रुचले नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ही शल्यविशारदाच्या संशोधनाची स्वाभाविक परिणती होती.

२००५ च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आणले. जंतू मरतात, पण गेलेली संवेदना परत येत नाही. बरे झालेल्या रुग्णांची बधिर पावले त्यांना जन्मभर सांभाळावी लागतात.

तोच तळवा, दुसरा रोग

मधुमेहात मज्जातंतू वेगळ्या कारणाने मरतात, तळव्याचे मात्र तेच होते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील अनेकांना पायाला झालेली जखम डोळ्यांनी दिसेपर्यंत कळत नाही. पायमोज्यावर डाग दिसतो, वास येतो, किंवा घरातील कोणाच्या तरी नजरेस पडते. तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचलेला असतो. रक्तपुरवठाही कमी असला, तर बोट, पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय असा क्रम सुरू होतो. घरातील कर्त्या माणसाचा पाय गेला, की शेतीचे, दुकानाचे व मुलांच्या शिक्षणाचे काय होते, हे नाशिकच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

प्लास्टरचा जुना उपाय येथेही लागू पडला. अमेरिकेतील आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी २००१ साली ६३ रुग्णांवर तुलना केली. बारा आठवड्यांत पूर्ण प्लास्टरमधील सुमारे ९० टक्के जखमा भरल्या. काढता-घालता येणारा बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६५ टक्के होते, तर अर्ध्या बुटात ५८ टक्के. काढता येणारा बूट रुग्ण काढून ठेवतो, हे त्यामागचे एक कारण समजले जाते. वेदना नसलेल्या माणसाला जखम सांभाळावी लागते, हे त्याच्या मनाला पटत नाही. ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये पाहिले ते हेच होते.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईचे शल्यविशारद डॉ. अरुण बाळ हे 'डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडिया'च्या संस्थापकांपैकी एक. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे हे शल्यविशारद नव्हेत, मधुमेहतज्ज्ञ आहेत, परंतु मधुमेही पावलावरील त्यांचा सचित्र ग्रंथ अनेक शल्यविशारदांच्या टेबलावर असतो. टांझानियाचे डॉ. झुल्फिकार अब्बास यांच्यासह त्यांनी २००० च्या दशकात 'स्टेप बाय स्टेप' हा उपक्रम भारत व टांझानियात राबविला. एका दवाखान्यातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी बोलवावयाची, दोघांना पाय तपासण्याचे व जखम सांभाळण्याचे शिक्षण द्यावयाचे आणि काही काळाने पुन्हा बोलावून पुढचा टप्पा शिकवावयाचा, अशी त्याची रचना होती. परिचारिकेला डॉक्टरच्या बरोबरीने बसविण्यातच या योजनेचे मर्म होते, कारण जखम रोज पाहते ती परिचारिका.

वाकडे पाऊल

जन्मतः आत व खाली वळलेले पाऊल, ज्याला क्लबफूट म्हणतात, साधारणपणे हजार जन्मांमागे एका बालकात आढळते. मुलींच्या दुप्पट मुलांत आढळते आणि जवळपास निम्म्या बालकांत दोन्ही पाय वाकडे असतात. ग्रहणात गर्भवतीने चिरले-कापले म्हणून असे होते, ही समजूत अजून गेलेली नाही आणि तिचा भार आईवर पडतो. तिला कोणताही आधार नाही.

या दोषावरील संशोधनाची कथा इग्नासियो पोन्सेटी यांच्याशी निगडित आहे. ब्रँड यांच्याप्रमाणेच त्यांचाही जन्म १९१४ चा, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. स्पॅनिश यादवी युद्धात जखमींवर उपचार करून, फ्रान्स व मेक्सिकोमार्गे ते १९४१ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. तेथे शस्त्रक्रिया झालेल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. लहानपणी 'यशस्वी' ठरलेली ती पावले मोठेपणी ताठर आणि दुखरी झाली होती. मग पोन्सेटींनी कापण्याचा मार्ग सोडला. बालकाचे पाऊल हलक्या हाताने विशिष्ट क्रमाने वळवावयाचे, दर आठवड्याला नवे प्लास्टर घालावयाचे, पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेकांत टाचेच्या शिरेवर छोटा छेद द्यावयाचा आणि नंतर चार वर्षांपर्यंत रात्री बूट जोडलेली पट्टी घालावयाची. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९९५ साली कूपर व डिएट्झ यांनी पोन्सेटींचे सरासरी ३४ वर्षे वयाचे झालेले ४५ जुने रुग्ण शोधून तपासले. त्यांतील ७८ टक्के लोकांचे पाय उत्तम किंवा चांगले काम देत होते आणि जन्मतः निर्दोष पाय असलेल्यांत हेच प्रमाण ८५ टक्के होते. तेव्हा कुठे जग वळले. पोन्सेटी २००९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले.

मधल्या काळात आपल्याकडे स्वस्थ बसून कोणी राहिले नव्हते. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा व हलक्या सळ्यांची चौकट तयार केली. ती 'जेस' या नावाने ओळखली जाते. पावलाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अधिक गतीने, रोज थोडी थोडी ताणावयाची, हे तिचे तत्त्व. आखडलेल्या ऊती कापण्याऐवजी त्या हळूहळू लांबवाव्यात, हा विचार सैबेरियातील इलिझारोव्ह यांच्या पंथाचा. त्या तंत्राचा आपल्याकडे प्रसार करण्यात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी अग्रभागी होते. पोन्सेटी पद्धत रूढ झाल्यावर तान्ह्या बाळांत 'जेस'ची गरज फारशी उरली नाही. उपचाराविना मोठ्या झालेल्या किंवा दोष परतलेल्या मुलांत ती अजून वापरली जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून क्लबफूटचा समावेश आहे, त्यामुळे शोध व उपचार दोन्ही सुलभ झाले. अडचण येते ती पट्टीची. पट्टी वेळेआधी सुटली, तर दोष परतण्याची शक्यता फार मोठी असते. सुरगाणा, पेठ भागातील कुटुंबे पाऊस सरल्यावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि मुक्काम हंगामाप्रमाणे बदलत राहतो. अशा कुटुंबातील बाळाने चार वर्षे रात्री पट्टी घालावी यासाठी काय करावे लागेल, याचे उत्तर आयोवात मिळणारे नाही. माझ्या मते हा नाशिकमधील शल्यविशारदासाठी फार मोलाचा विषय आहे आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही.

प्रश्नावलीत न बसणारा माणूस

उपचार यशस्वी झाला की नाही, हे कोणी ठरवावयाचे? क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते, रुग्ण मात्र दुखते म्हणतो. म्हणून शंभर गुणांच्या प्रश्नावल्या तयार झाल्या. पाऊल-घोट्यासाठी सर्वाधिक वापरली गेलेली अमेरिकी प्रश्नावली १९९४ ची. तीत रुग्ण किती चालू शकतो हे अमेरिकी शहरांतील 'ब्लॉक'च्या हिशेबात विचारले जाते, आणि पुढच्या पावलासाठीच्या भागात तो फॅशनेबल बूट घालू शकतो का, हेही. उकिडवे बसता येते का, हे विचारलेले नाही.

लासलगाव-निफाड पट्ट्यात कांद्याची लागण बायका दिवसभर उकिडव्या बसून करतात. उकिडवे बसताना टाच जमिनीला टेकून नडगी पुढे झुकावी लागते, म्हणजे घोट्याची हालचाल शाबूत हवी. ज्या स्त्रीचा घोटा जखडला आहे, ती अमेरिकी प्रश्नावलीत ८५ गुण मिळवूनही रोजगार गमावू शकते. शौचाला बसणे, जमिनीवर जेवावयास बसणे, भातलावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहणे, यांचे मोजमाप आपणच तयार करावयाचे आहे.

याचे एक थोर उदाहरण देशात आहे. जयपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाअखेरीस रबराचे कृत्रिम पाऊल घडविले. पाश्चात्त्य कृत्रिम पायाला बूट लागत असे आणि तो उकिडवा वाकत नसे, म्हणून खेडूत तो घरी कोपऱ्यात ठेवून देत. सेठींनी नेमके हेच पाहिले. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मोठ्या परदेशी चाचण्या वाचतानाही हे भान ठेवावे लागते. घोट्याचा सांधा बदलणे बरे की दोन्ही हाडे जखडून टाकणे, याची ब्रिटनमधील ३०३ रुग्णांवरील तुलना २०२२ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर चालण्या-उभे राहण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी नॉर्वेत टाचेच्या तुटलेल्या शिरेवरील पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही, शस्त्रक्रिया केलेले व न केलेले यांच्या स्थितीत वर्षअखेर फरक दिसला नाही. मात्र शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ६.२ टक्क्यांची शीर पुन्हा तुटली, तर शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. शस्त्रक्रियेवर ज्याचा चरितार्थ चालतो, त्याने असे निष्कर्ष छापावयास धैर्य लागते. परंतु जमिनीवर बसणाऱ्या समाजात पहिल्या चाचणीचा निष्कर्ष तसाच येईल का, हा प्रश्न मोकळाच आहे.

संशोधनाची वाट

खाजगी व्यवसायातील शल्यविशारदाला संशोधन करावयाचे असेल, तर त्याला नीतिसमितीची मान्यता घ्यावी लागते, उपचारांची चाचणी असेल तर ती आयसीएमआरच्या 'सीटीआरआय' या नोंदवहीत सुरुवातीलाच नोंदवावी लागते, रुग्णाची लेखी संमती त्याला कळेल अशा भाषेत घ्यावी लागते. हे सारे जमण्यासारखे आहे. जमत नाही ते रुग्णाला पाच वर्षांनी पुन्हा बोलावणे. दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो, गाव सुटलेले असते, आणि पाय दुखत नसेल तर तपासणीसाठी मजुरी बुडवून कोण येणार? पोन्सेटींच्या पद्धतीचा निकाल तीस वर्षांनी लागला, तो जुने पत्ते जपून ठेवणाऱ्या दप्तरामुळे. आपल्याकडे बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते, म्हणून सहा महिन्यांच्या पाहणीवर निबंध निघतात. सहा महिन्यांत पाऊल काहीच सांगत नाही.

वास्तविक नाशिकइतके पायी चालणारे शहर विरळा. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जाते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला हजारो लोक, त्यांतील अनेक अनवाणी, निघतात. चैत्रात सप्तशृंगी गडाचे पदयात्री दिंडोरी-वणी रस्त्याने, आरोग्य विद्यापीठावरूनच पुढे जातात. त्यांत मधुमेही असणारच. फेरी सुरू होण्यापूर्वी दहा ग्रॅमच्या धाग्याने तळवा तपासावयास दोन-तीन मिनिटे पुरतात. ज्यांना तो धागा कळत नाही अशांची संख्या किती, त्यांतील किती जणांच्या पायाला फेरीनंतर जखम होते आणि आधी सांगितल्यास किती जण वहाणा घालून निघतात, हा एम.एस.च्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत पुरा करता येण्याजोगा प्रबंध आहे. वहाणा न घालण्याचा नवस असलेल्यांचे काय करावयाचे, हे मात्र त्याला डॉक्टरांपेक्षा देवस्थानच्या पुजाऱ्यांशी बसून ठरवावे लागेल.